नकोशा लाल पेटीचा वारसा

१

१९८३ साली ‘लोकल हीरो’ हा बिल फोर्सिथ यांचा चित्रपट आला. ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीतला तरुण अधिकारी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे एक गाव अख्खेच्या अख्खे विकत घ्यायला येतो. साहेबाशी बोलायचे तर त्याला गावातल्या लाल टेलिफोन बूथमध्ये जावे लागते. हातात चिल्लर घेऊन तो तिथून अमेरिकेला फोन लावतो, व्यवहाराचे बोलता बोलता समुद्राचे आणि आकाशाचे बोलू लागतो, आणि एक दिवस त्याला परत जावे लागते. शेवटच्या दृश्यात पडद्यावर ते गाव आहे, तो बूथ आहे, आणि बूथमधला फोन वाजतो आहे. तो कोणी उचलल्याचे आपल्याला दिसत नाही.

गावाची दृश्ये ॲबर्डीनशायरमधल्या पेनन या खेड्यात घेतली होती. पडद्यावर दिसणारा बूथ मात्र नेपथ्याची वस्तू होती. काम संपल्यावर तो उचलून नेला. पण प्रेक्षक तो शोधत येऊ लागले. पेननचा स्वतःचा खरा बूथ थोड्या अंतरावर उभा होता. लोक त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढू लागले, आणि पुढे त्या बूथला वारसा म्हणून सरकारी संरक्षण मिळाले. जो बूथ चित्रपटात नव्हता, तो चित्रपटामुळे वारसा ठरला.

हा किस्सा हसून सोडून देता येईल. पण लाल टेलिफोन बूथचा एकूण इतिहास चाळला, तर पेननची गोष्ट अपवाद वाटत नाही. आज इंग्लंडमध्ये दोन हजारांहून अधिक टेलिफोन बूथ सूचीबद्ध वास्तू म्हणून संरक्षित आहेत. बहुतेक द्वितीय श्रेणीत, म्हणजे एखाद्या जुन्या वाड्याला किंवा गिरणीला जी श्रेणी मिळते त्याच श्रेणीत. याखेरीज हजारो बूथ खेड्यांनी स्वतः सांभाळले आहेत. त्यांच्याविषयीचे बहुतेक लेखन हळव्या सुरातले असते: गावच्या हिरवळीवर, चर्चच्या भिंतीला लागून, पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली आपली लाडकी लाल पेटी. या चित्रातला ‘पिढ्यान्‌पिढ्या’ आणि ‘लाडकी’ हा भाग इतिहासाला धरून नाही. तो का नाही, आणि तरीही ती पेटी जपण्याजोगी का आहे, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय वारसा या शब्दाचा अर्थ हाती लागत नाही. या लेखात तेवढाच प्रयत्न आहे.

२

आधी वस्तूकडे पाहू. ब्रिटिश टपाल खात्याने देशभरासाठी म्हणून पहिला एकसारखा बूथ आणला तो १९२१च्या सुमारास. त्याला के-१ म्हणतात. तो काँक्रीटचा होता आणि फारसा कोणाला आवडला नाही. लंडनमधल्या महापालिकांनी तर तो आपल्या रस्त्यांवर उभारू देण्यास खळखळ केली. म्हणून १९२४ साली नामांकित वास्तुविशारदांना बोलावून स्पर्धा घेतली गेली. ती जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी जिंकली. त्यांच्या आराखड्यावरून झालेला के-२ हा बूथ १९२६पासून लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागला. स्पर्धेसाठी केलेला त्याचा लाकडी नमुना आजही पिकॅडिलीतल्या रॉयल अकॅडमीच्या प्रवेशकमानीत उभा आहे.

मराठी वाचकाला हे स्कॉट घराणे अगदीच परके नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि त्याच्या शेजारचे दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. जाइल्स हे त्यांचे नातू. आजोबांनी भारतात पाऊल न ठेवता लंडनमध्ये बसून मुंबईचा मनोरा रेखाटला. १८६९ मध्ये पायाभरणी झालेला तो मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी आजोबा वारले. दोन वर्षांनी नातवाचा जन्म झाला. नातवाने पुढे लिव्हरपूलचे प्रचंड कॅथीड्रल, बॅटरसी वीजकेंद्राचे बाह्यरूप आणि थेम्सवरचा वॉटर्लू पूल घडवला. पण जगाच्या डोळ्यांपुढे त्याचे जे काम सर्वाधिक वेळा आले, ते जेमतेम तीन फूट चौरसातले.

या बूथचे छत पाहावे. चारही बाजूंना सपाट कमान आणि वर बसका घुमट. बहुतेक अभ्यासक या आकाराचा माग लंडनच्या सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या आवारातल्या एका समाधीपर्यंत नेतात. वास्तुविशारद सर जॉन सोन यांची पत्नी १८१५ साली वारली. तिच्यासाठी त्यांनी जी समाधी रचली, तिच्यावर असाच घुमट आहे, आणि पुढे सोनही तिथेच विसावले. स्कॉट हे त्यांच्या नावाच्या संग्रहालयाचे विश्वस्त होते, तेव्हा ही समाधी त्यांना ठाऊक नसणे अशक्यच. दूरच्या माणसाचा आवाज ऐकण्याची खोली समाधीच्या छताखाली बांधली गेली. एकदा हे कळल्यावर बूथकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. मात्र यातून फार गूढ अर्थ काढायचे कारण नाही. स्कॉट यांना हवी होती ती छोट्या वस्तूला भारदस्तपणा देणारी एक सिद्ध आकृती, आणि ती सोन यांच्याकडे तयार होती.

के-२ देखणा होता पण महाग आणि अवजड. वजन सव्वा टनाच्या घरात. त्यामुळे तो मुख्यतः लंडनपुरता राहिला. खेड्यांसाठी १९२९ मध्ये स्कॉट यांनीच काँक्रीटचा के-३ करून दिला. त्याचा रंग फिकट मलईसारखा आणि फक्त खिडक्यांच्या पट्ट्या लाल. काँक्रीट ब्रिटनच्या पावसात टिकेना. मग पाचव्या जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून १९३५ मध्ये स्कॉट यांनी के-६ रेखाटला. हाच तो ‘जुबिली’ बूथ. बिडाचे ओतीव भाग, सागवानी दार, सुमारे सव्वाआठ फूट उंची, के-२च्या जवळजवळ निम्मे वजन. के-२च्या प्रत्येक बाजूला सारख्या आकाराची तावदाने होती. के-६मध्ये मधले तावदान रुंद आणि कडेची अरुंद केली, तेव्हा आतल्या माणसाला बाहेरचे आणि बाहेरच्याला आतले नीट दिसू लागले. चारही बाजूंना वर ‘टेलिफोन’ अशी दुधी काचेवरची अक्षरे, रात्री आतल्या दिव्याने उजळणारी. असे सुमारे ६०,००० बूथ देशभर उभे राहिले. ‘खेड्यातला लाल बूथ’ म्हणताना आपल्या मनात जो येतो, तो हाच.

३

आता रंगाचे पाहू. लाल रंग स्कॉट यांचा नव्हे. त्यांनी सुचवले होते ते पोलादी बूथ, बाहेरून चंदेरी आणि आतून हिरवट निळे. टपाल खात्याने पोलादाऐवजी बीड घेतले आणि रंग आपल्या टपालपेट्यांचा लावला. लाल रंग खात्याची खूण म्हणून आला. गावाशी किंवा निसर्गाशी त्याचा काही संबंध नव्हता.

खेड्यांनी तो तसाच, खात्याचा म्हणून ओळखला. मधाळ दगडाच्या घरांमध्ये, डोंगरउतारांवर, सरोवरांच्या काठी भडक लाल पेटी उभी राहणार म्हटल्यावर तक्रारी सुरू झाल्या. निसर्गसुंदर मानल्या गेलेल्या प्रदेशांत टपाल खात्याला माघार घ्यावी लागली. तिथे बूथ करड्या रंगात रंगवायचा आणि फक्त खिडक्यांच्या पट्ट्या लाल ठेवायच्या, अशी सवलत द्यावी लागली. आज त्यांतल्या बऱ्याच गावांनी आपले जपलेले बूथ उत्साहाने लाल रंगवले आहेत. ‘मूळ रंगात’ आणल्याचा आनंद साजरा करताना त्या गावाचा मूळ रंग करडा होता, हे कोणाच्या ध्यानात नसते.

हल शहराचे उदाहरण याहून बोलके आहे. या शहराची टेलिफोन सेवा टपाल खात्याकडे गेली नाही, नगरपालिकेनेच चालवली. तिथेही स्कॉट यांचेच के-६ उभे राहिले, पण मलईच्या रंगाचे आणि छताखालच्या राजमुकुटाशिवाय. हलच्या रहिवाशाला लाल बूथ परका वाटतो. तिकडे स्कॉटलंडमध्ये राजमुकुटाचाच प्रश्न होता. १९५३च्या राज्याभिषेकानंतर बूथवरचा मुकुट बदलला तेव्हा, आमचा मुकुट इंग्लंडचा नव्हे, या भूमिकेपुढे खात्याला नमते घ्यावे लागले आणि तिथल्या बूथांवर स्कॉटलंडचा मुकुट आला. बिडाचा तोच साचा, पण रंग आणि चिन्ह यांवरून प्रत्येक ठिकाणी वाटाघाटी. ज्याला आज ‘ब्रिटिशपणाचे’ निर्विवाद प्रतीक म्हणतात, त्याच्या अंगावर असे किती तंटे गोंदलेले आहेत!

एवढे पुरावे समोर आले की सोपा निष्कर्ष मोह घालतो: हा सारा वारसा म्हणजे बनाव, लोकांनी मागाहून रचलेली परंपरा. टीकाकार इथे थांबतात. मला वाटते, इथे थांबणे हा आळस आहे, कारण याच काळातली एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे, आणि ती रंगापेक्षा मोलाची आहे.

बूथ खेड्यात पोहोचले कसे? धंद्याचे गणित मांडले असते तर ते पोहोचलेच नसते. दीडदोनशे वस्तीच्या गावात दिवसाकाठी दोनचार फोन होणार, त्यातून वायर ओढण्याचाही खर्च निघाला नसता. सुरुवातीला गावाने तोटा भरून देण्याची हमी दिली तरच बूथ मिळे. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने १९३६ मध्ये टपाल खात्याने ‘जुबिली सवलत’ जाहीर केली: ज्या गावात टपाल कार्यालय आहे त्या प्रत्येक गावाला, उत्पन्न कितीही असो, बूथ मिळेल. या एका निर्णयाने ८,०००हून अधिक नवे बूथ उभे राहिले. आडगावातल्या बाईला रात्री डॉक्टरला बोलावता येऊ लागले, आग लागली तर बंब मागवता येऊ लागला, मुलगा कुठल्या शहरात कामाला गेला असेल तर ठरल्या वेळी त्याचा आवाज ऐकता येऊ लागला.

लाल पेटीतली खरी नवी गोष्ट ही होती. नफा होवो न होवो, फोन करण्याची सोय गावाच्या हाकेच्या अंतरावर असली पाहिजे, असे राज्यसंस्थेने मान्य केले होते. स्कॉट यांचा घुमट हे त्या वचनाचे रूप होते. खेड्याने रंगाला नाके मुरडली, पण वचन स्वीकारले. पुढच्या दोन पिढ्यांत रंगावरचा राग विरला. वस्तू रोज उपयोगी पडते तेव्हा तिचा रंगही हळूहळू आपला होतो.

४

१९८०चे दशक आले तेव्हा हे वचन आणि त्याचे रूप यांची ताटातूट सुरू झाली. टेलिफोन टपाल खात्यापासून वेगळा झाला, ब्रिटिश टेलिकॉम निर्माण झाली, आणि १९८४च्या अखेरीस तिचे निम्म्याहून अधिक भाग खासगी गुंतवणूकदारांना विकले गेले. त्याआधीच काही बूथ पिवळे रंगवून पाहण्याची टूम निघाली होती आणि तिच्यावर देशभर ओरड झाली होती. १९८५ मध्ये कंपनीने जुने बूथ हटवून आधुनिक, उघडे, धातू-काचेचे बूथ बसवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. कारणे खोटी नव्हती. जुन्या बूथचे दार जड होते, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आत जाता येत नसे, मोडतोड आणि घाण होत असे.

विरोधाची धुरा उचलली ती ‘थर्टीज सोसायटी’ या संस्थेने. दोन महायुद्धांमधल्या काळातल्या वास्तुकलेच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये ती स्थापन झाली होती. आज ती ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी सोसायटी’ म्हणून ओळखली जाते. वास्तुइतिहासकार गॅव्हिन स्टॅम्प हे या लढ्यातले बिनीचे नाव. त्यांनी बूथवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. बूथ ही रस्त्यावरची अडगळ नसून एका मोठ्या वास्तुविशारदाची रचना आहे, हा त्यांचा मुद्दा. सरकारने तो मानला आणि १९८६पासून निवडक बूथांना सूचीबद्ध वास्तूचा दर्जा मिळू लागला. निवड करताना पाहिले जाई ते बहुधा परिसराकडे: शेजारी आणखी सूचीबद्ध वास्तू आहेत का, बूथ त्या दृश्यात शोभतो का. थोडक्यात, ज्या देखण्या गावांनी एके काळी ‘आमच्या दृश्याला तो बाधा आणतो’ म्हटले होते, त्याच गावांत आता ‘तो दृश्याचा भाग आहे’ म्हणून त्याला संरक्षण मिळाले. साध्यासुध्या वस्तीतले, कामगारवाड्यांतले बूथ या कसोटीवर उतरणे कठीण होते, आणि फोनची गरज सगळ्यात जास्त तिथेच होती.

याच वेळी ब्रिटनमध्ये वारसा या संकल्पनेवरच मोठा वाद चालू होता. रॉबर्ट ह्युइसन यांचे ‘द हेरिटेज इंडस्ट्री’ हे पुस्तक १९८७ मध्ये आले. त्यांचे म्हणणे असे की, वस्तू बनवणे थांबलेला देश आता वारसा बनवतो आहे. गतकाळाची ही आवड ऱ्हासाचे लक्षण आहे. बूथच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्याला विलक्षण आधार सापडतो. हे बूथ ज्या ओतशाळांत ओतले गेले, त्यांतल्या बऱ्याच स्कॉटलंडमधल्या होत्या: फॉलकर्कजवळची कॅरन, ग्लासगोची सॅरसेन, कर्किंटिलॉकची लायन. कॅरन ही अठराव्या शतकात सुरू झालेली कंपनी १९८२ मध्ये बुडाली, आणि लायन फाउंड्रीनेही १९८४च्या सुमारास कायमचे दार लावले. बूथ वाचवण्याच्या सभा रंगत होत्या तेव्हा बूथ घडवणारे हात बेकार होत होते. ओतकाम करणाऱ्यांच्या कौशल्याला सूचीत जागा नव्हती, कारण सूची फक्त वस्तूंची असते.

ह्युइसन यांना उत्तर दिले ते राफाएल सॅम्युएल यांनी, ‘थिएटर्स ऑफ मेमरी’ या १९९४च्या ग्रंथात. सॅम्युएल स्वतः डाव्या विचारांचे इतिहासकार. सामान्य माणसे जुन्या वस्तू जमवतात, जपतात, त्यांच्याभोवती आठवणी विणतात, ही इतिहास घडवण्याचीच एक रीत आहे, तिला भाबडेपणा म्हणून हिणवू नये, अशी त्यांची भूमिका होती. मला या वादात सॅम्युएल अधिक जवळचे वाटतात. पण बूथसमोर उभे राहिले की दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटल्याचे जाणवते. दोघेही बूथसारख्या वस्तूकडे स्मृतीचे साधन म्हणून पाहतात. ती वस्तू चालू असू शकते, तिच्यात फोन असू शकतो, हा विचार या वादात फारसा येत नाही. जुन्या पाणपोईबद्दल बोलताना तिला पाणी येते का, हे विचारायचेच राहून जावे, तसे.

५

पुढचा टप्पा २००८चा. मोबाइल सर्वत्र पसरला होता, बूथ तोट्यात होते. कंपनीने योजना काढली: गावाने बूथ दत्तक घ्यावा. किंमत एक पौंड. पॅरिश कौन्सिलने, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीने, एक पौंड भरायचा. कंपनी आतली टेलिफोनची यंत्रणा काढून नेणार आणि पेटी गावाची होणार. आतापर्यंत ७,०००हून अधिक बूथ असे दत्तक गेले आहेत.

गावांनी त्यांचे जे केले, त्यात खरोखर कल्पकता आहे. सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप या गावाची फिरती ग्रंथालयाची गाडी बंद झाली, तेव्हा २००९ मध्ये गावकऱ्यांनी बूथमध्ये फळ्या ठोकल्या आणि पुस्तके मांडली. एक ठेवायचे, एक न्यायचे. यॉर्कशायरमधल्या सेटल गावाने बूथचे चित्रदालन केले. कित्येक गावांनी आत डिफिब्रिलेटर बसवला; हृदय बंद पडलेल्या माणसाला विजेचा झटका देऊन वाचवण्याचे हे यंत्र. रुग्णवाहिका लांबून येणार अशा खेड्यात ते जीव वाचवू शकते.

या उपयोगांना एका मापाने मोजता कामा नये. फुलझाडांच्या कुंड्या ठेवलेला बूथ हा दागिना आहे. त्यात गैर काही नाही, पण तो दागिनाच. पुस्तकांचा बूथ आपल्याला आनंद देतो, पण त्याच्यामागे बंद पडलेली ग्रंथालयसेवा आहे. एक सार्वजनिक सेवा गेली तिच्या जागी दुसऱ्या गेलेल्या सेवेचे कलेवर उभे केले, आणि दोन्हींचा भार गावातल्या चार उत्साही माणसांवर आला. ती माणसे थकली की काय? डिफिब्रिलेटरचा बूथ मात्र मला या सर्वांत निराळा वाटतो. मध्यरात्री कोणी धावत येऊन दार उघडतो, कारण जवळच कोणाचा तरी प्राण जातो आहे. १९३६ सालीही तो याच कारणासाठी धावत आला असता. रूप तेच राहिले, साधन बदलले, आणि वचन थोडेफार पाळले गेले.

पण एका पौंडाच्या व्यवहाराकडे नीट पाहिले तर त्याची दुसरी बाजू दिसते. कंपनीने गावाला पेटी दिली आणि गावाकडून फोन घेतला. रंग, गंज, तुटलेली काच, हे सारे यापुढे गावाचे. बूथ सूचीबद्ध असेल तर त्यात फेरफार करायला परवानगीही गावानेच मागायची. सेवा देण्याचे दायित्व गेले आणि वारसा सांभाळण्याचे दायित्व आले. यात कोणी फसवले असे म्हणता येणार नाही. गावांनी राजीखुशीने, बहुतेकदा समारंभपूर्वक, पौंड मोजला. वारसा हा शब्द इतका गोड आहे की त्याच्या नावाने घेतलेले ओझे ओझे वाटत नाही.

६

या पार्श्वभूमीवर, दूरसंचाराचे नियमन करणाऱ्या ‘ऑफकॉम’ या ब्रिटिश संस्थेने २०२२ मध्ये केलेले नियम मला कोणत्याही सौंदर्यशास्त्रीय निबंधाइतके वाचनीय वाटतात. तेव्हा देशात सुमारे २१,००० सार्वजनिक फोन उरले होते. त्यांवरून होणारे बोलणे २००२ मधल्या सुमारे ८० कोटी मिनिटांवरून २०२०पर्यंत जेमतेम ७० लाख मिनिटांवर आले होते. आकडे पाहून कोणीही म्हणेल, बंद करा. पण त्याच काळातला दुसरा आकडा असा: मे २०१९ ते मे २०२० या वर्षभरात या फोनवरून पोलीस, आग, रुग्णवाहिका या आपत्कालीन सेवांना सुमारे दीड लाख फोन झाले. अडचणीतल्या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला २५,०००, आणि जीव नकोसा झालेल्यांचे ऐकून घेणाऱ्या संस्थेला २०,०००.

मग नियम ठरले. ज्या जागी चारही मोबाइल कंपन्यांचे जाळे पोहोचत नाही, जिथे अपघात किंवा आत्महत्या वारंवार होतात, जिथून वर्षात ५२ किंवा अधिक फोन होतात, किंवा जिथे अन्य काही विशेष गरज आहे, तिथला फोन काढता येणार नाही. असे सुमारे ५,००० फोन संरक्षित होतील असा अंदाज होता. हे फोन लालच पेटीत असतील असे नाही. कित्येक कुरूप आधुनिक बूथांतही आहेत.

म्हणजे आज ब्रिटनमध्ये टेलिफोन बूथला दोन प्रकारचे संरक्षण आहे. एक वारशाच्या कायद्याचे: ते पेटी वाचवते, आत फोन असो वा नसो. दुसरे दूरसंचार-नियमांचे: ते फोन वाचवते, पेटी कशीही असो. दोन सूच्या, दोन खाती, दोन भाषा. पहिली सूची विचारते, हा बूथ कोणी घडवला, तो कशाशेजारी आहे, तो कसा दिसतो. दुसरी विचारते, तो नसला तर कोणाचे काय बिघडेल. एकाच बूथला दोन्ही लागू होतात तेव्हा उत्तमच. पण कित्येक सूचीबद्ध बूथ आतून रिकामे, काचा फुटलेले, रंग उडालेले उभे आहेत, कारण कायदा त्यांना पाडू देत नाही आणि चालवण्याची सक्ती कोणावर नाही.

माझे म्हणणे असे की, वारसा म्हणून पाहिले तरी दुसरी सूची पहिलीपेक्षा इतिहासाला अधिक धरून आहे. जुबिली सवलतीचा आशय तिच्यात शिल्लक आहे: उत्पन्न न पाहता गरज पाहणे. वर्षाला ५२ फोन म्हणजे आठवड्याला एक. आठवड्याला एका माणसासाठी एक फोन चालू ठेवायचा, हा हिशेब कुठल्याही दुकानदाराला वेडेपणाचा वाटेल. १९३६ साली टपाल खात्याने हाच वेडेपणा केला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये अर्वेन वादळाने उत्तर ब्रिटनमधली वीज गेली, काही वस्त्या आठवडाभराहून अधिक काळ अंधारात राहिल्या, विजेअभावी मोबाइलचे मनोरेही मुके झाले. अशा रात्री कोणता फोन चालू राहतो, हा प्रश्न स्मरणरंजनाचा उरत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रूप वाचले नसते तर सेवेची आठवण तरी राहिली असती का? लाल पेटी डोळ्यांसमोर आहे म्हणूनच तर लोक तिच्यासाठी सभा घेतात, ‘आमचा फोन काढू नका’ म्हणून हरकत नोंदवतात. करड्या, निनावी खांबासाठी कोणी रस्त्यावर येत नाही. हे खरे आहे. स्कॉट यांचे ऋण इथे मान्य केलेच पाहिजे: त्यांनी एका नागरी हक्काला असा चेहरा दिला की तो हक्क ओळखू येऊ लागला. सुंदर रूप हे सेवेचे साक्षीदार ठरू शकते. अडचण तेव्हा होते जेव्हा साक्षीदारालाच सांभाळून मूळ प्रकरण मिटवले जाते.

७

हा सारा विचार करताना मनात सतत आपल्याकडचे पिवळे बूथ येत राहिले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक एसटी स्टँडवर, बाजारपेठेत, इस्पितळासमोर पिवळ्या पाटीवर काळ्या-लाल अक्षरांत ‘एसटीडी-आयएसडी-पीसीओ’ लिहिलेली टपरी उभी राहिली. प्लायवूडची केबिन, लाल आकड्यांचे मीटर, कुरकुरत पावती सोडणारे यंत्र, आणि रात्री उशिरा दर उतरल्यावर लागणारी रांग. कितीतरी टपऱ्या अपंग व्यक्ती आणि एकट्या बायका चालवत. त्यांतून पगार झाल्याचे, नोकरी लागल्याचे, कोणी गेल्याचे निरोप गेले. मोबाइल आला आणि पंधरावीस वर्षांत हे सारे भंगारात गेले. त्यांना ना स्कॉट लाभले, ना सोन यांचा घुमट. त्यांच्यासाठी सभा भरली नाही, आणि भरायला हवी होती असेही मी म्हणत नाही. प्लायवूड जपून काय करायचे?

मुंबईच्या वारसायादीत जुने मैलाचे दगड आहेत, कारंजी आहेत; जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा मनोरा तर २०१८पासून जागतिक वारशाच्या परिसरात मोडतो. रस्त्यावरच्या छोट्या वस्तूही वारसा असू शकतात हे आपण मान्य केले आहे. आता तिच्या पुढचा प्रश्न विचारायला हवा. मैलाचा दगड उकरून, धुऊन पुन्हा उभा केला हे चांगलेच झाले. पण पाणपोई दुरुस्त केली तर तिला पाणी येते का? एसटीचे जुने स्थानक जपले तर तिथे एसटी थांबते का? गावचे वाचनालय शताब्दी साजरी करते तेव्हा त्या वर्षी नवी पुस्तके किती घेतली, हे कोणी विचारते का? टेलिफोन बूथचा इतिहास आपल्याला हे विचारायला शिकवतो, म्हणून तो मराठीत मांडावासा वाटला.

पेननचा बूथ आजही त्या किनाऱ्यावर आहे. लोक येतात, दार उघडतात, रिसीव्हर कानाला लावून छायाचित्र काढून घेतात. चित्रपटातला तो तरुण अधिकारी ह्यूस्टनहून फोन लावतो, तेव्हा त्याला पेटीचा रंग आठवत असेल की नाही, सांगता येत नाही. पलीकडे कोणी उचलेल, एवढीच त्याची आशा असते.